२४ व्होल्टची एम३८ए१, १२ व्होल्टची इग्निशन: कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

माझ्या विलीस एम३८ए१ चं, म्हणजे जुन्या अमेरिकन लष्करी जीपचं, दुखणं जुनंच आहे. गार इंजिन पहिल्या सेलला पकडतं. अर्धा-पाऊण तास चाललं की मिसिंग मारायला लागतं आणि मग बंद पडतं ते पडतंच. बोनेट उघडून थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. पेट्रोलवर संशय घेऊन टाकी, पंप, कार्ब्युरेटर सगळं आधीच उघडून झालंय, त्यात काही निघालं नाही. आज बंद पडल्या पडल्या प्लग काढून इंजिनच्या अंगाला लावला आणि सेल मारला. ठिणगी पिवळी, बारीक, मधूनच गायब. गार झाल्यावर तोच प्लग लावला तर ठिणगी निळी आणि टकटक आवाज करणारी. म्हणजे दोष कॉइलचा, बॅटरीच्या विजेपासून ठिणगीचं मोठं व्होल्टेज तयार करणाऱ्या गुंडाळीचा.

विलीस एम३८ए१ ची कॉइल डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, पोटातच असते. गाडी खोल पाण्यातून जावी आणि रेडिओत खरखर येऊ नये म्हणून पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर, कॉइल आणि कॅप एका बंद धातूच्या डब्यात घातलेत. प्लगच्या वायरीसुद्धा धातूच्या जाळीत आहेत आणि दोन्ही टोकांना नटाने आवळलेल्या. युद्धासाठी उत्तम, पण कॉइल त्या डब्यात भाजून निघते. तिच्या मापाची २४ व्होल्टची कॉइल शोधली. जी मिळते ती जुन्या साठ्यातली, म्हणजे माझ्या कॉइलच्याच वयाची, आणि भाव नव्या डिस्ट्रिब्युटरचा.

त्या डब्यातच बसेल अशी १२ व्होल्टची कॉइल काही ठिकाणी बनवून मिळते. तुम्हाला मिळत असेल तर आधी तिचा विचार करा, पुढचं बरंच काम वाचेल.

मी ठरवलं ते असं: याच एफ१३४ हरिकेन इंजिनाचा नागरी जीपमधला उघडा डिस्ट्रिब्युटर, बाहेर बसवलेली साधी १२ व्होल्टची कॉइल, साधे प्लग. बाकी गाडी २४ वरच राहणार. सगळी गाडी १२ वर आणायची म्हटलं तर स्टार्टर, डायनॅमो, रेग्युलेटर, झाडून सगळे बल्ब आणि मीटर बदलावे लागतात. एका कॉइलसाठी एवढा संसार मोडायचा नाही. काढलेला लष्करी डिस्ट्रिब्युटर वायरींसकट पिशवीत बांधून ठेवायचा. काहीही कापायचं नाही, म्हणजे कुणालाही उद्या परत मूळ स्थितीत आणता येईल.

१५ नोव्हेंबर

डिस्ट्रिब्युटर उतरवला. आधी १ नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वर आणला, मग रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा हात) कुठे बघतोय त्याची खूण इंजिनवर पांढऱ्या रंगाने केली. शाफ्टच्या खालची जीभ मधोमध नसते, एका बाजूला सरकवलेली असते, त्यामुळे ती ऑइल पंपाच्या शाफ्टमध्ये एकाच दिशेने बसते. नागरी डिस्ट्रिब्युटरची जीभ हुबेहूब तशीच आहे. डिस्ट्रिब्युटरला व्होल्टेजशी काही देणंघेणं नसतं, हे इथे लक्षात ठेवावं. पॉइंट उघडतात, मिटतात, एवढंच त्यांचं काम. ६ व्होल्टच्या जीपचा मिळाला तरी बॉडी चालेल. कंडेन्सर मात्र नवा घाला, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा.

लष्करी प्लगचेही आटे १४ मिलिमीटरचेच, त्यामुळे हेडला हात लावावा लागला नाही. साधे प्लग घालून गॅप ०.०३० इंच ठेवला, पॉइंटचा ०.०२०.

मूळ वायरींवर पत्र्याच्या छोट्या पट्ट्या आहेत आणि त्यांवर आकडे ठोकलेत. इग्निशनची वायर १२ नंबरची. (व्होल्टशी संबंध नाही, तो सर्किटचा क्रमांक आहे. २८ नंबर पेट्रोलच्या मीटरची, ३६ ऑइल प्रेशरची.) टोकाला गोल रबरी कनेक्टर आहे. तो ओढून काढताना पकड वापरू नका, सत्तर वर्षांचं रबर तुकड्याने हातात येतं. मी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं आणि मग हाताने पिळत काढला. त्यात बसणारं जोडटोक वापरून नवी वायर काढली, म्हणजे मूळ वायर अखंड राहिली.

१६ नोव्हेंबर

स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद ठेवून ठिणगीची वेळ लावणं. एम३८ए१ ला पिस्टन अगदी वर पोचण्याच्या ५ अंश आधी. कॉइलचं निगेटिव्ह आणि अंग यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावायचा, पॉइंट उघडले की तो पेटतो. लॅम्प २४ व्होल्टचा घ्या. पॉइंट उघडे असताना कॉइलमधून फक्त दिव्यापुरताच करंट जातो, त्यामुळे दिव्याला जवळजवळ पूर्ण २४ मिळतात आणि १२ चा बल्ब एका झपक्यात जातो.

फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. वायरी लावताना ही दिशा डोक्यात पक्की ठेवा.

कॉइलवर + आणि − असेल तर निगेटिव्ह अर्थच्या या गाडीत + ला फीड, − ला डिस्ट्रिब्युटर. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी असेल तर एसडब्ल्यू म्हणजे स्विच, सीबी म्हणजे पॉइंटची बाजू. उलटी लावली तरी इंजिन चालतं, म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि थंडीत गाडी त्रास देते.

२३ नोव्हेंबर

आता खरा प्रश्न: १२ व्होल्ट आणायचे कुठून?

काउलमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. मधल्या जोडपट्टीवरून वायर घेतली की झालं, असं दहापैकी नऊ जण सांगतात. केलं. मधल्या पट्टीवरून फ्यूज घालून वायर, २४ व्होल्टवर ओढला जाणारा रिले (विजेने चालणारा स्विच), आणि रिले ओढायला मूळची १२ नंबरची वायर, म्हणजे डॅशवरच्या मूळ लिव्हरनेच इग्निशन चालू-बंद होते. फ्यूज बॅटरीपासून वितीच्या आत हवा, कारण ही वायर कायम जिवंत असते.

इंजिन लगेच पकडलं, पण स्लो (गाडी उभी असतानाची संथ चाल) लागेना. रेस आपोआप वर जायची, पडायची, पुन्हा वर. जेट साफ केले, मिक्श्चरचा स्क्रू आत-बाहेर केला. सगळी संध्याकाळ त्यात गेली. कारण कार्ब्युरेटरच्या जवळपासही नव्हतं. लष्करी डिस्ट्रिब्युटरच्या डब्यात हवा खेळावी म्हणून त्याला दोन बारीक नळ्या असतात. एक एअर क्लीनरकडून येते, दुसरी इनटेक मॅनिफोल्डला जाते आणि डब्यातला ओझोन आणि वाफ ओढून घेते. डिस्ट्रिब्युटर काढला की दुसरी नळी सरळ मॅनिफोल्डला पडलेलं भोक ठरते. टोकाला टेप गुंडाळून चालत नाही, व्हॅक्यूम ती आत ओढतो. आट्याचा पितळी बूच लावला आणि इंजिन शहाण्यासारखं स्लोला आलं. एअर क्लीनरकडचं टोकही बंद करा, नाहीतर तिथून न गाळलेली धूळ आत जाते.

३० नोव्हेंबर

आठवडाभर जमेल तेव्हा गाडी फिरवली. मिसिंग नाही, गरम झाल्यावर बंद पडणं नाही. मग बॅटऱ्या मोजल्या. डायनॅमो २८ देतोय, पण वाटणी सारखी नाही: खालची, म्हणजे इग्निशनला पुरवणारी, १३.१ वर आणि वरची १४.९ वर. वरच्या बॅटरीचं पाणी कमी झालेलं, झाकणाभोवती ओलसर.

हे होणारच होतं. चार्जिंगचा करंट दोघींतून सारखाच जातो, पण इग्निशन एकटीच्याच ताटातून खाते. रेग्युलेटरला फक्त बेरीज दिसते. ती २८ आली की तो खूश. खालची कायम अर्धपोटी आणि वरची रोज उकळणार. वर्षभरात दोन्ही जातील. ज्यांची गाडी महिन्यातून एकदा संचलनापुरती निघते आणि घरी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्ज होतात, त्यांचं यावर भागेलही. माझं भागणार नाही. वायर काढली.

७ डिसेंबर

दुसरा मार्ग म्हणून २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर आणला, १० अँपियरचा. ट्रकमध्ये टेपरेकॉर्डर किंवा चार्जर लावायला वापरतात तसला. निगेटिव्ह आत-बाहेर एकच असलेला घ्यावा लागतो, कारण पॉइंट गाडीच्या अंगाला अर्थ होतात.

सेल मारताना त्याची मजा दिसली. स्टार्टर फिरताना बॅटऱ्या १८ व्होल्टपर्यंत खाली येतात, पण कन्व्हर्टर कॉइलला १२ देतच राहतो. गार इंजिन अर्ध्या फेरीत पकडलं. म्हटलं काम झालं.

रेस वाढवली तर इंजिन फटफटायला लागलं. कन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. हे यंत्र सपाट, सरळ लोडसाठी बनवलेलं असतं. इग्निशन कॉइल म्हणजे सेकंदाला शंभरदा चालू-बंद होणारा लोड, आणि पॉइंट उघडल्यावर प्रायमरी वाइंडिंगचा झंकार उलटा कन्व्हर्टरच्या तोंडात येतो. त्याला ते शॉर्ट वाटतं आणि तो क्षणभर डोळे मिटतो. आउटपुटला २२०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कॅपॅसिटर लावल्यावर दिवा स्थिर झाला. फटफट बरीच कमी झाली, पण वरच्या रेसला इंजिन तरीही हलकंच वाटत होतं. त्याचं कारण पुढे कळलं.

१४ डिसेंबर

कन्व्हर्टर मेला. रस्त्यात खड्डा आला, क्षणभर डॅशचे दिवे भगभगले आणि इंजिन बंद. एका बॅटरीचा क्लॅम्प सैल होता. डायनॅमो जोरात चार्ज करत असताना बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं, आणि हा कन्व्हर्टर ४० व्होल्टच्या वर सोसत नव्हता. अमेरिकन लष्कराचं मिल-एसटीडी-१२७५ हे मानक २८ व्होल्टच्या गाड्यांच्या विजेसाठीच आहे. त्यात उपकरणाने अडीचशे व्होल्टपर्यंतचे क्षणिक झटके सोसावेत अशी अपेक्षा धरलेली आहे. म्हणजे असल्या गाडीत झटके येणार हे गृहीत आहे. तसे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्या किमतीत सबंध इंजिनची वायरिंग नवी होईल.

घरापर्यंत येण्यासाठी मधल्या पट्टीचीच तात्पुरती वायर जोडली. रिले आणि फ्यूज अजून जागेवर होते, हे नशीब.

२० डिसेंबर

शेवटी जो उपाय पहिल्याच दिवशी “ओबडधोबड” म्हणून बाजूला ठेवला होता, तो: कॉइलच्या आधी सिरीजमध्ये एक रेझिस्टर.

आकडे देतो, कारण तुमची कॉइल वेगळी असेल तर तुम्हाला पुन्हा मांडावे लागतील. मीटरने कॉइलची प्रायमरी मोजा. त्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून जे दिसेल ते वजा करा. माझ्या मीटरच्या वायरीच ०.४ ओहम दाखवतात, आणि इतक्या लहान मापात तो फरक मोठा आहे. माझी कॉइल ३.२ ओहम. पॉइंटमधून ४ अँपियरच्या फार वर जाऊ द्यायचं नाही. २८ व्होल्टला तेवढाच करंट हवा तर एकूण साडेसहा ओहमच्या आसपास लागतात, म्हणून ३.३ ओहमचा रेझिस्टर. २८ भागिले ६.५ म्हणजे ४.३ अँपियर, चालेल.

वॉटेज इथे महत्त्वाचं. इंजिन बंद, लिव्हर चालू आणि पॉइंट मिटलेले असतील तर २४ व्होल्टला रेझिस्टरमध्ये ४५ वॉट उष्णता होते. मी १०० वॉटचा अॅल्युमिनियमच्या अंगाचा घेतला. त्यावर छापलेले १०० वॉट हे तो जाड धातूच्या पत्र्याला घट्ट बसवलेला असतानाचे असतात. हवेत लोंबकळत ठेवला तर निम्म्याच्याही खाली येतो. ५० वॉटचा घेऊन “४५ आहे ना, पुरेल” म्हणणाऱ्यांचे रेझिस्टर जळतात ते यामुळे.

कन्व्हर्टरच्या पैशांत असे आठ-दहा रेझिस्टर आले असते.

२१ डिसेंबर

फायरवॉलला रंगावरच रेझिस्टर आवळला आणि लिव्हर चालू ठेवून पाच मिनिटं थांबलो. रंगाचा वास आला, अंगाचं तापमान १३० अंश. उतरवला. ३ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा तळहाताएवढा पत्रा कापला, रेझिस्टर खाली उष्णतावाहक पेस्ट लावून त्यावर बसवला, आणि तो पत्रा चार स्पेसरवर फायरवॉलपासून बोटभर पुढे उभा केला, म्हणजे मागूनही हवा जाते. पेट्रोलच्या नळीपासून आणि वायरिंगच्या जुडग्यापासून लांब. टोकांना डाख दिलेली वायर चालणार नाही, तापली की डाख मऊ पडतो. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून नट-बोल्टने आवळायची, आणि पहिलं वीतभर सिलिकॉनच्या आवरणाची वायर वापरायची.

इंजिन चालू असताना आता ७५ अंशांच्या आसपास राहतं. पॉइंट जवळजवळ निम्मा वेळ उघडेच असतात, त्यामुळे तेव्हाची उष्णता बरीच कमी.

मग मीटर कॉइलच्या + वर लावला. पॉइंट उघडे, इंजिन बंद: पूर्ण २४ व्होल्ट. बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल, १२ च्या कॉइलला २४! पण पॉइंट उघडे असताना करंटच नाही, मग रेझिस्टरवर पडणार काय? पॉइंट मिटवून मोजलं की १२. इंजिन चालू असताना पुरवठा २८ चा असतो, त्यामुळे मीटर उघड्या आणि मिटलेल्या स्थितीची सरासरी काढून २१-२२ दाखवतो. तो आकडा बघून रेझिस्टर वाढवायला जाऊ नका. पॉइंट मिटवून मोजायचं, बस.

२८ डिसेंबर

लांब चढावर नेली. वरच्या रेसला इंजिन आधीपेक्षा मोकळं, कन्व्हर्टरच्या वेळचा हलकेपणा नाही. उत्सुकता वाटली म्हणून हिशोब केला. कॉइलचं इंडक्टन्स (करंट चढायला होणारा अडसर) मीटरवर ९ मिलिहेन्री आलं. ४००० फेऱ्यांना या चार सिलिंडरच्या इंजिनात दोन ठिणग्यांमध्ये साडेसात मिलिसेकंद मिळतात, त्यात पॉइंट मिटलेले जेमतेम साडेतीन. तेवढ्या वेळात कॉइल भरली पाहिजे. कन्व्हर्टरच्या १२ व्होल्टवर ती २.७ अँपियरपर्यंत पोचते. रेझिस्टरसकट २८ वर जवळपास ४. ठिणगीची ताकद करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुपटीहून जास्त. व्होल्टेज वर असेल तर करंट चटकन चढतो आणि रेझिस्टर त्याला वर अडवून धरतो. म्हणजे तो नुसती वीज जाळत नाही, कामही करतो.

सेल मारताना मात्र कन्व्हर्टर सरस होता. १८ व्होल्टला रेझिस्टरमधून २.८ अँपियर जातात, कन्व्हर्टरमधून पावणेचार जायचे. पण मूळ २४ व्होल्टची कॉइलही बॅटरी पडली की तशीच मंदावते, आणि या गाड्या तशाच चालू होत आल्यात. थंडीत फारच त्रास झाला तर सेल मारण्यापुरता रेझिस्टर ओलांडणारा रिले लावता येईल. आज त्याची गरज नाही.

११ जानेवारी

राहिलेली किरकोळ कामं. जाळीच्या वायरी गेल्यामुळे रेडिओत खरखर येऊ लागली. कार्बनच्या गाभ्याच्या प्लग वायरी घातल्यावर ऐकण्याजोगी झाली. काही जण खरखरीसाठी कॉइलवर आणखी एक कंडेन्सर लावतात. लावायचा तर फीडच्या बाजूला. पॉइंटच्या बाजूला लावला तर तो मूळ कंडेन्सरमध्ये मिळतो आणि ठिणगी मंद होते.

कॅप आता उघडी आहे, त्यामुळे पाण्यातून जाणं बंद. एका पावसाळी सकाळी कॅपच्या आत ओल धरून इंजिन दोनच सिलिंडरवर चाललं, पुसल्यावर ठीक. रबरी बूट आणि कॅपच्या कडेला पातळ सिलिकॉन ग्रीस लावलंय. हा तोटा कायमचा, तो मान्य करूनच या कामाला हात घाला.

मध्यंतरीचा रिले काढून टाकला. आता १२ नंबरची वायर, तिथून फ्यूज, रेझिस्टर, कॉइल. वाटेत तुटायला दुसरं काही नाही.

२२ फेब्रुवारी

पॉइंट उघडून बघितले. दोन्ही तोंडं सारखी राखाडी, एकावर डोंगर आणि दुसऱ्यावर खड्डा असला प्रकार नाही, म्हणजे कंडेन्सर मापाचा आहे. गॅप ०.०२० वरून ०.०१८ वर आलाय. पॉइंटची टाच कॅमवर घासते, ती पहिल्यांदा थोडी झिजणारच. कॅमवर ग्रीसचं बोट फिरवलं आणि पुन्हा ०.०२० केला. गॅप बदलला की टायमिंगही हलतं, म्हणून दिवा लावून ५ अंश परत तपासले. प्लग विटकरी. दोन्ही बॅटऱ्या १४.० आणि १४.०.

हत्यारांच्या पेटीत एक जादा रेझिस्टर, कंडेन्सर आणि पॉइंटचा जोड टाकलाय. फायरवॉलवर रेझिस्टरशेजारी पत्र्याची पट्टी लावायची राहिली आहे: “३.३ ओहम, १०० वॉट, कॉइल १२ व्होल्ट, रेझिस्टर वगळून जोडू नये”. पुढे कुणी ही गाडी घेतली आणि रेझिस्टर फालतू समजून वायर सरळ जोडली, तर पॉइंटमधून ९ अँपियर जातील आणि कॉइल तासाभरात उकळेल.